चौकटीचा चौथा कोपरा बसतच नाही? विकतची जिग घ्यायच्या आधी आणि घरी ठोकायच्याही आधी हे तपासा

दर वर्षी आषाढ लागला की हा विषय निघतोच निघतो. गणपतीच्या आधी मखरं, देव्हारे, फोटोच्या चौकटी असली कामं अंगावर येतात, टेबल सॉवर (टेबलातनं गोल ब्लेड वर येतं ते कापायचं मशीन) ४५ डिग्री लावून पट्ट्या कापायच्या, जुळवायला घ्यायच्या, तीन कोपरे एकदम झकास आणि चौथा आ वासून उभा. मग भुसा न् फेविकॉल कालवून फट बुजवा, पॉलिश मारा, आणि पुढच्या ऑर्डरला परत तेच. मग कुणीतरी सांगतं, मशिनबरोबर आलेला माइटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा, पट्टी ठरल्या कोनात धरून ब्लेडकडं ढकलायचा) भंगारच असतोय, चांगला इंपोर्टेड घे. दुसरा म्हणतो कशाला पैसे घालवतोस, प्लायची स्लेड (काम वर ठेवून ब्लेडकडं ढकलायची, खाचेत सरकणारी फळी) ठोक, एका दुपारचं काम आहे. दोघंही अर्धं बरोबर सांगतात, पण फट नक्की कशानं पडतेय हे दोघांनीही बघितलेलं नसतं, आणि ते बघितल्याशिवाय काहीही केलं तरी फट तिथंच राहणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचलं तरी चालेल. पैसे घालायचे तर मोजायच्या वस्तूत घाला, म्हणजे एक खात्रीचा गुण्या (काटकोन तपासायला), एक व्हर्नियर (बारीक मापं घ्यायला), एक फिलर गेज (ठरल्या जाडीच्या पातळ पानांचा जुडगा), जमलं तर डायल (काट्यावर बारीक फरक दाखवणारा), आणि जिग, म्हणजे काप नेमका मारून देणारी अशी गेज-स्लेडसारखी वस्तू, घरी बनवा. याला अपवाद आहेत, ते खाली येतील.

आधी फट बघा

चौकट गोंद न लावता कोरडीच जुळवा, क्लॅम्पच्या पट्ट्यानं आवळू नका, तीन कोपरे हातानं घट्ट बसवा आणि सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात येऊ द्या. आता त्या फटीचा आकार बघा. निमुळती असेल, म्हणजे एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला रुंद, तर घोळ कोनात आहे. दोन्ही टोकांना सारखीच रुंद असेल तर कोन ठीक आहे, समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी एक नाही, तिथं हजारोंची जिग आणली तरी काही फरक पडणार नाही, स्टॉप ब्लॉक (लांबी सारखी यावी म्हणून पट्टीच्या टोकाला लावायचा ठोकळा) नीट आवळा आणि त्याच्या बुडाशी भुसा साचतोय का बघा. आणि कोपरा पुढनं बंद, मागनं उघडा असेल तर ब्लेडच टेबलाशी ९० ला नाही, त्यात बिचाऱ्या माइटर गेजचा काय संबंध.

कोनातच चूक निघाली तर अजून एक बघायचं. बाहेरची टोकं टेकलीत आणि आतनं फट आहे, म्हणजे टोकं पाहिजेत त्यापेक्षा निमुळती झालीत, ४५ च्या पुढं गेलाय. उलटं असेल, आत टेकलंय आणि बाहेरनं फट, तर ४५ ला कमी पडलाय.

आता यातली एक गंमत, जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. चौकट केली तेव्हा चारही कोपरे गच्च बंद होते आणि शिमग्याच्या सुमाराला चारही आतनं उघडले, तर तुमची जिग निर्दोष आहे. लाकूड रुंदीला आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच, त्यामुळं पट्टी अरुंद झाली आणि लांबी तेवढीच राहिली की कापलेला कोन आपोआप निमुळता होतो आणि आतली बाजू उघडते. श्रावणातल्या ओल्या हवेत केलेलं काम सांगलीच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात गेलं की हे होणारच, साताऱ्याकडं तर कोयनेच्या बाजूला पाऊस अजून जास्त, तिथनं आणलेलं लाकूड इथं आलं की अजून जास्त आकसतं. उन्हाळ्यात केलेली चौकट पावसात फुगली तर नेमकं उलटं, बाहेरनं उघडते. मिरजेत सतारी, तंबोरे करणारी मंडळी तुनाचं लाकूड नीट मुरल्याशिवाय हातात धरत नाहीत (त्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय टॅगपण मिळाला), आणि आपण सॉ मिलमधनं काल आणलेल्या पट्टीवर आज ०.१ डिग्री शोधत बसतो.

०.१ डिग्री हे उगाच नाही म्हटलं, हिशोब करून बघा. पट्टी ५० मिमी रुंद, चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात ०.१ डिग्रीची चूक, आणि सगळी एकाच बाजूला, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यात ०.८ डिग्री. ५० च्या पट्टीचा तिरका काप साधारण ७१ मिमी लांब होतो, त्यावर ०.८ डिग्री म्हणजे एक मिमीची फट. अर्धा सूतसुद्धा नाही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्यामुळं जुना मिस्त्री म्हणेल चालतंय की, पण गडद पॉलिशवर ती फट दारातनं दिसते. आणि मशिनबरोबरच्या गेजवर रेघा असतात एकेका डिग्रीच्या, काट्याची जाडीच त्यात पाव डिग्री खाऊन जाते, तिथं ०.१ वाचणार कसा? ते चुंबकवाले डिजिटल अँगल गेजही साधारण ०.१ ते ०.२ ची खात्री देतात, म्हणजे जेवढी चूक शोधायचीय तेवढीच चूक मोजणाऱ्यात. मोबाइलच्या ॲपचं तर नावच काढू नका. म्हणून कोन थेट मोजायचा नादच सोडायचा, लाकूड कापून चूक मोठी करून बघायची. ते कसं ते पुढं सांगतो.

मशीन सरळ आहे का

प्लग काढा. बटण बंद केलंय एवढ्यावर भागवू नका. ब्लेडच्या एका दाताला मार्करनं खूण करा, तो दात पुढं आणून माइटरच्या खाचेपासूनचं अंतर घ्या, मग तोच दात फिरवून मागं न्या आणि परत अंतर घ्या. तोच दात अशासाठी की ब्लेड थोडंफार डगमगत असतंच, दुसरा दात धरला की तो वाकडेपणा तुमच्या मापात शिरतो. फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर पुढं चला. जास्त असेल तर मोठ्या मशिनला टेबलाचे बोल्ट ढिले करून टेबल फिरवायचं, छोट्या मशिनला खालचा ब्लेड-मोटरचा सांगाडा ज्या बोल्टांवर टांगलाय ते ढिले करून तो सरळ करायचा.

कराडच्या एका पोरानं याच पायरीवर आळस केला आणि विकतचा गेज बदलून दुसरा आणला, तरी दर कापाला वेगळाच कोन येत होता. ब्लेड मागच्या बाजूला अर्धा मिमी सरकलेलं निघालं. अशा वेळी मागचे दात कापलेल्या कडेला परत ओरबाडतात, पट्टी हातातल्या हातात ढकलली जाते, आणि ढकलली किती जाईल हे दर वेळी वेगळं. कापावर दोन्ही दिशांचे गोल ओरखडे दिसत असतील तर डायल नसला तरी समजा की हेच आहे.

मग ब्लेड टेबलाशी उभं ९० ला आहे का ते गुण्यानं बघा, गुण्या दाताला न टेकवता पात्याला टेकवून. आणि त्या गुण्याचीही परीक्षा घ्या, प्लायच्या सरळ कडेला लावून बारीक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी परत रेघ मारा, दोन रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा, वरच्या टोकाला फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. बाजारात मिळणारे स्वस्त गुणे या परीक्षेत बऱ्याचदा नापास होतात, म्हणून दुकानातच कागद-पेन्सिल घेऊन बघा, दुकानदार जरा वैतागतो, वैतागू दे.

विकतच्या गेजचं खरं दुखणं

विकतच्या गेजमध्ये लोक बघतात स्केल किती बारीक आहे ते, आणि बघायला पाहिजे खाचेत गेजची पट्टी किती हलते ते. मोठ्या मशिनची स्टँडर्ड खाच पाऊण इंच रुंद आणि तीन अष्टमांश इंच खोल, म्हणजे १९.०५ बाय ९.५ मिमी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या मशिनची खाच या मापाची नसतेच, त्यामुळं इंपोर्टेड गेज मागवायच्या आधी खाच मोजा, नाहीतर पार्सल उघडून नुसतं बघत बसाल. पट्टी खाचेत ०.२ मिमी ढिली असेल आणि रुंद फळी कापायला सुरुवात करताना पट्टीचा फक्त २०० मिमी भाग खाचेत असेल, तर ६०० मिमीच्या फळीवर तेवढ्यानंच ०.६ मिमीचा फरक पडू शकतो, आणि तो कधी या बाजूला कधी त्या बाजूला.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जी जिग दर वेळी सारखीच चुकते ती दुरुस्त होते. जी दर वेळी वेगळी चुकते तिचं काही करता येत नाही. त्यामुळं विकतचा गेज तपासायचा असा: ९० ला लॉक करून एक तुकडा कापा, लॉक सोडून ४५ ला न्या, परत ९० ला आणा, दुसरा तुकडा कापा, असं दोन-चारदा करा. सगळे तुकडे एकमेकांशी जुळले पण गुण्याशी जुळले नाहीत, तर काटा आणि स्टॉपचा स्क्रू फिरवून भागेल. तुकडे एकमेकांशीच जुळेनात तर तो गेज परत करा, किंवा ठेवा जाड्याभरड्या कामाला.

ढिली पट्टी घट्ट करायला काही महाग गेजना बाजूला स्क्रू असतात, ते फिरवले की पट्टी खाचेला भिडते. साध्या लोखंडी पट्टीला बाजूच्या कडेवर सेंटर पंचनं थोडे ठोके द्या, पंचाच्या खड्ड्याभोवती धातू किंचित वर येतो आणि ढिलेपणा जातो, जास्त झालं तर कानस मारा. गेजचं तोंडपण फार आखूड असतं, त्याला एक सरळ प्लायची पट्टी स्क्रूनं जोडा आणि तिच्यावर सँडपेपर चिकटवा, कारण ४५ च्या कापात ब्लेड कापायच्या पट्टीला बाजूला सरकवायला बघतंच बघतं, हातानं कितीही दाबा. तरीपण क्लॅम्प (आवळून धरायचा शिकंजा) लागतोच.

चांगल्या कंपन्यांचे महाग गेज, म्हणजे इन्क्रासारखे, ते वेगळं प्रकरण आहे, त्यांच्या चकतीवरच ठरावीक कोनांना खाचा कापलेल्या असतात आणि काटा त्याच खाचेत परत परत तिथंच बसतो. आठ कोनी देव्हाऱ्याचं काम नेहमीचं असेल, आज २२.५, उद्या ३०, परवा १५ असं सारखं बदलत असेल, तर हा खर्च वसूल होतो. आठ कोनी कामात सोळा काप असतात, ०.१ चे १.६ होतात, तिथं असाच गेज पाहिजे. हा अपवाद नंबर एक. दुसरा म्हणजे ॲल्युमिनियमला पाऊस कळत नाही. हे लहान समजू नका.

घरची स्लेड जिथं विकतच्याला मागं टाकते

९० च्या कापाला घरची स्लेड जिंकते, याचं कारण साधं आहे, दोन पट्ट्या दोन खाचांत चालतात, फळी ब्लेडच्या दोन्ही बाजूंना टेकलेली असते, फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) लांब असते, आणि कोन एकदाच लावून कायमचा बंद. पण "एका दुपारचं काम" म्हणणाऱ्यानं फेन्स गुण्याला लावून स्क्रू मारलेले असतात आणि तिथंच तो थांबतो. गुण्याची बाजू २०० मिमीची, फेन्स ६०० ची, म्हणजे गुण्यापाशी न दिसलेली चूक टोकाला तिप्पट होते.

इथं पाच कापांची परीक्षा घ्यायची. फेन्स एका टोकाला एका स्क्रूवर ठेवा, दुसरं टोक क्लॅम्पनं धरा. साधारण ४०० मिमी चौरस एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाचा) तुकडा घ्या. एक बाजू कापा, ती कापलेली बाजू फेन्सला लावून दुसरी कापा, ती लावून तिसरी, मग चौथी, आणि पाचव्यांदा पहिलीच बाजू परत, पण या वेळी पंचवीसेक मिमीची पट्टी पाडा. फेन्सकडच्या टोकाला पेन्सिलनं अ आणि लांबच्या टोकाला ब लिहा, आणि व्हर्नियरनं दोन्ही टोकांची रुंदी घ्या. समजा अ २५.३० आला आणि ब २४.९०. फरक ०.४०, पण तो चार वेळा साठलेला आहे, म्हणून ४ नं भागा, ०.१०. म्हणजे ४०० मिमीला ०.१० ची चूक, म्हणजे जेमतेम ०.०१४ डिग्री, कुठल्याही स्केलवर ही दिसलीच नसती आणि इथं साध्या व्हर्नियरनं सापडली. स्क्रूपासून क्लॅम्पचं टोक ४५० मिमीवर असेल तर तिथं फेन्स ०.११ मिमी सरकवायची.

०.११ सरकवायची कशी? फेन्सच्या त्या टोकाला मागनं एक ठोकळा चिकटवून क्लॅम्प करा, फेन्स ढिली करा, मधे ०.१० चं फिलरचं पान घाला, फेन्स पानाला टेकवून आवळा. उलट्या बाजूला न्यायची असेल तर ठोकळा लावतानाच पान मधे ठेवा आणि नंतर काढून घ्या. कुठल्या बाजूला न्यायची यात डोकं गरम होत असेल तर बिनधास्त एका बाजूला सरकवा आणि परत पाच काप मारा, फरक दुप्पट झाला तर दिशा चुकली, आता तिथनं उलट्या बाजूला दुप्पट सरकवा. फरक ०.१ च्या आत आला की बाकीचे स्क्रू मारा आणि स्क्रू मारल्यावर एकदा परत तपासा, कारण स्क्रू आवळताना फेन्स हलते.

हीच परीक्षा विकतच्या गेजलाही लावता येते, फक्त त्यासाठी तुकडा छोटा घ्या. दोघांना एकच पेपर दिला की वाद मिटतो.

आता ४५ ची गोष्ट, जिच्यापायी हे सगळं लिहायला बसलो. चौकटीसाठी वेगळी स्लेड करा, तिच्यावर दोन फेन्स, एक ब्लेडच्या डावीकडं, एक उजवीकडं, आणि दोन्ही मिळून बरोब्बर काटकोन. प्रत्येक फेन्स ब्लेडशी अगदी ४५ ला नसली तरी चालतंय! डावीकडचा काप ४४.८ चा आला तर उजवीकडचा ४५.२ चा येणारच, कारण दोघांची बेरीज त्या काटकोनानं ९० ला बांधलेली आहे. प्रत्येक कोपऱ्यात एक काप डावीकडचा आणि एक उजवीकडचा जोडला की कोपरा ९० चाच. एकाच माइटर गेजवर हे होत नाही, तिथं चूक दर कापाला साठत जाते. आणि तो काटकोन तुम्ही कुठनं आणला? विकतच्या, परीक्षा पास झालेल्या गुण्यातनं. म्हणून वर म्हटलं, पैसे तिथं घाला. एकच सांभाळायचं, डाव्या-उजव्याची अदलाबदल नको, पट्ट्यांवर खुणा करून ठेवा, नाहीतर ४४.८ ला ४४.८ जोडाल आणि मला शिव्या द्याल.

पाऊस, प्लाय आणि पट्टी

घरच्या स्लेडची कमजोरी एकच, ती लाकडाची आहे. बुडाला १२ मिमीचं चांगलं वॉटरप्रूफ प्लाय घ्या, घ्यायच्या आधी दुकानात फरशीवर आडवं टाकून डुलतंय का बघा. एमडीएफ सपाट मिळतं पण पाणी लागलं की कडा फुगतात. आणि २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात भिजून वाळलेलं प्लाय कुणी स्वस्तात देत असेल तर त्याची शेळीच्या गोठ्याला दारं होतील, स्लेड नाही.

खाचेत चालणारी पट्टी सागवानाची केली तर पावसात घट्ट आणि उन्हाळ्यात ढिली होते, १९ मिमीत एकदोन दशांश मिमी इकडंतिकडं होतंच. उभ्या रेषांचं, म्हणजे खोडाच्या मध्याकडनं बाहेर चिरलेलं लाकूड घेतलं आणि त्या रेषा उभ्या ठेवल्या तर हालचाल जवळपास निम्मी होते. पण आपण सांगलीत राहतो, कुपवाडला, मिरजेला एमआयडीसी आहे, गल्लीबोळात मशीन शॉप आहेत, मग लाकडाचीच पट्टी का? २० मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत केलेली लोखंडी पट्टी) घ्या, खाच मोजून मिलिंगवाल्याला सांगा की १८.९८ ते १९.०० मधे आण, त्याच्यासाठी हे रोजचं काम आहे, किरकोळीत करून देतो. लोखंडाला पावसाळ्यात गंज धरतो तेवढा पुसत राहायचा. घरचं प्लाय, बाहेरची पट्टी, विकतचा गुण्या, ही मिसळ मला तरी दोन्ही टोकांच्या वादापेक्षा बरी वाटते.

रंधा आणि कटर एकत्र असलेल्या मशिनवर काम करणाऱ्यांचं काय, त्याला तर बऱ्याचदा खाचच नसते. तिथं स्लेडच्या बुडाला दोन पट्ट्या अशा लावा की टेबलाच्या दोन बाहेरच्या कडांना त्या मिठी मारून चालतील. फक्त टेबलाच्या कडा सरळ आणि ब्लेडला समांतर आहेत का ते आधी बघा, ओतीव टेबलाची कड कधीकधी मशीनिंग न केलेली, खडबडीत असते.

काही बारीक गोष्टी राहिल्या. फेन्सच्या खालच्या कडेला दोन-तीन मिमीचा चॅम्फर (तिरका उतार) मारा, म्हणजे भुसा तिथं जाईल आणि पट्टी फेन्सला नीट टेकेल, कितीतरी "कोन हलला" वाल्या तक्रारी चिमूटभर भुशाच्या असतात. स्लेडच्या मागं, जिथनं ब्लेड बाहेर येतं, तिथं जाड ठोकळा लावा आणि लाल रंग द्या, अंगठा तिथं ठेवायची सवय सगळ्यांना असते. रिप फेन्सला (लाकूड लांबीत चिरताना टेकवायच्या, टेबलावरच्या फेन्सला) टेकवून आणि माइटर गेजनं ढकलून असा एकत्र काप मारू नका, तुकडा अडकून उलटा अंगावर येतो. स्लेडच्या पट्ट्या खाचेत सहज चालत नसतील तर मेणबत्तीचं मेण घासा, सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की त्यावर पॉलिश धरत नाही.

आणि स्लेडच्या बुडालाच पेन्सिलनं तारीख आणि पाच कापांत आलेला फरक लिहून ठेवा. मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा परत पाच काप मारा. फरक वाढलेला दिसला तर लगेच फेन्स उपटू नका, आधी स्क्रू ढिले झालेत का बघा, मग पट्टी खाचेत हलतेय का, मग ब्लेडचा तोच दात पुढं-मागं मोजा, आणि हे तिन्ही ठीक निघालं तरच फिलर गेज हातात घ्या.